आतला माल

रविवारी दुकान बंद असतं. त्या रविवारी मात्र शटर कमरेइतकं वर होतं आणि त्याखालून वाकून एकेक जण आत येत होता. पोटमाळ्याच्या वाटणीनंतर सगळं घर पहिल्यांदाच एका छताखाली जमत होतं, आणि आल्या आल्या प्रत्येकाचा प्रश्न एकच होता, "दादा, तू हे खरंच बोललास?"

दादा प्रत्येकाला हो म्हणत होता आणि प्रत्येक वेळी त्याचा आवाज आणखी बारीक होत होता.

बोलला होता खरा. गुरुवारी दुपारी टेलरिंगवाल्या बाईंचा फोन आला तेव्हा बारकी रंग आणायला गेली होती, आणि फोन दादाने घेतला. बारकी ही त्याची एकुलती एक लेक. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती माणसांची तैलचित्रं काढायची. बाईंचा शिवणकामाचा मोठा कारखाना होता, आणि बारकीचं प्रदर्शन त्या दोनदा येऊन बघून गेल्या होत्या. पहिल्या दिवसापासून आपल्याकडे मशिनीवर बसलेल्या अकरा बायकांची चित्रं त्यांना नव्या हॉलमध्ये लावायची होती. लेकीच्या आयुष्यातलं पहिलं मोठं काम! दादाचा ऊर भरून आला. आणि ऊर भरून आला की माणूस विचार करत नाही, वर्षानुवर्षं करत आला तेच करतो. दादाने लांबी विचारली, रुंदी विचारली, दोन्हींची बेरीज करून दुप्पट केली, लाकडी पट्टीच्या फुटाच्या भावाने गुणली, मग अकराने गुणली. तैलचित्राला काच लागत नाही म्हणून काचेचे पैसे प्रामाणिकपणे वजासुद्धा केले, आणि आकडा सांगून टाकला.

बाईंनी तो आकडा पुन्हा म्हणून बघितला. मग म्हणाल्या, "यात सगळं आलं?"

"सगळं."

"आतलं चित्रसुद्धा?"

"आता बाई, रिकामी फ्रेम कोण भिंतीला लावतं?" असं म्हणून दादा मनमोकळा हसला होता. बाईही हसल्या. त्यांचं हसणं जरा जास्तच लांबलं, हे त्याच्या रात्री लक्षात आलं.

यात दोष एकट्या दादाचा नव्हता. दुकान काढलं अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, आणि चालवलं ते एका युक्तीवर. फ्रेम घ्या, आतला देखावा फुकट. बर्फाचा डोंगर, तळ्याकाठचं हरीण, सूर्यास्त. छापील कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे अण्णा घाऊक भावात आणत. गिऱ्हाईक पैसे मोजायचं ते पट्टीचे, फुटाच्या हिशोबाने. आत जे असेल त्याला दुकानात 'आतला माल' म्हणत. दादा त्या मालातच लहानाचा मोठा झाला. पुढे स्वतःची लेक आतला माल हाताने काढायला लागली, तरी त्याच्या डोक्यातला हिशोब काही बदलला नाही.

"उचलली जीभ आणि लावली टाळ्याला," अक्का म्हणाली. ही दादाची थोरली बहीण. पट्ट्या कापायच्या टेबलाशी असलेली एकमेव गादीची खुर्ची तिने पकडली होती. "अरे, एका चेहऱ्याला पोर पंधरा दिवस घालवते. अकरा चेहरे म्हणजे अर्धं वर्ष. अर्धं वर्ष ती काय भुसा खाणार?"

"भुसा आपल्याकडे भरपूर आहे," धाकटा भाऊ म्हणाला. तो दुकानात अर्ध्याचा भागीदार होता आणि विनोदात पूर्ण मालक.

कोणी हसलं नाही. टेबलाच्या टोकाला बारकी नखातला निळा रंग काडीने कोरत बसली होती. गुरुवारपासून ती दादाशी भांडलीसुद्धा नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं. तिने फक्त एवढंच सांगितलं होतं, की भिंतीला लावायच्या कागदाच्या कारखान्यात तिला नोकरी मिळते आहे, उद्या सकाळपर्यंत होकार कळवायचा आहे, आणि हे काम जर फुटाच्या भावाने गेलं तर ती होकार कळवणार. नोकरीतलं काम सोपं होतं. एक फूल काढायचं, मग तेच फूल दुसऱ्या रंगात काढायचं. पगार पहिल्या तारखेला. आणि मागची खोली धाकट्याला पट्ट्या ठेवायला मोकळी.

"बाई चार वाजता येणार आहेत," दादा म्हणाला. "काय सांगू त्यांना?"

"सांगायचं काय त्यात?" कोपऱ्यातल्या खुर्चीतून अण्णा बोलले. एवढा वेळ ते झोपलेत असं सगळ्यांनी धरलं होतं. "शब्द दिलाय. या दुकानात दिलेला शब्द फिरत नाही. मी एकदा चुकून लांबीच्या जागी रुंदी धरली होती. अख्खा महिना तोट्यात काम केलं, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही."

"अण्णा, त्या महिन्यात आम्ही मामाकडे जेवत होतो," अक्का म्हणाली.

"जेवत होता ना? मग झालं तर."

दादाची बायको चहा घेऊन आली. घरात तिला सगळे वहिनी म्हणत. अण्णांनाही आता तिचं दुसरं नाव आठवत नसे. तिने कप वाटले आणि उभ्यानेच म्हणाली, "मला विचाराल तर घेऊ दे तिला नोकरी. वेळेवर जेवेल तरी. टर्पेंटाइनच्या वासात पोर वाळून काडी झालीय."

"हे बघ, वहिनीसुद्धा म्हणतेय," धाकटा लगेच तिच्या बाजूला सरकला. मागच्या खोलीवर त्याचा डोळा होता, हे सगळ्यांनाच माहीत होतं. "नाहीतर दुसरा उपाय आहे. फ्रेमचं माप दिलंय ना? चित्राचं कुठे दिलंय? फ्रेम तेवढीच ठेवायची, चारी बाजूंनी मस्त रुंद पुठ्ठा लावायचा, आणि मधोमध चेहरा एवढासा." त्याने बोटांनी पोस्टाच्या तिकिटाएवढा चौकोन करून दाखवला. "एका दिवसात दोन होतील."

"आणि बाई दुर्बीण घेऊन बघतील," अक्का म्हणाली. "काही नाही, सरळ भाव वाढवून सांगायचा. भीड ही भिकेची बहीण. अगं बारके, तू बोलायला शीक. कलेची किंमत मागायला लाजायचं कशाला?"

बारकीने काडी खाली ठेवली. "आत्या, तुझ्या घरात माझी किती चित्रं आहेत?"

"आहेत की. जिन्यात दोन, हॉलमध्ये ते मोठं, आमच्या खोलीत... का गं?"

"नाही, सहज. त्यांचे पैसे कोणी दिले?"

अक्काने चहाचा घोट घेतला. तो बराच लांबलचक होता. "घरच्यांची गोष्ट वेगळी," ती म्हणाली आणि मग एकदम अण्णांच्या बाजूने झाली. "तसं बघायला गेलं तर अण्णांचंही बरोबर आहे. शब्द म्हणजे शब्द. आणि बारके, तुझं तर आवडीचं काम. बसल्या बसल्या होतं. शिवाय नाव होईल."

दादानेही मान डोलावली. हीच तीन वाक्यं त्याने स्वतः तिला गुरुवारी रात्री समजूत घालताना म्हटली होती, त्यामुळे ती त्याला शहाणपणाची वाटली. बारकीने त्याच्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता कंटाळा होता. आपली पोर उद्यापासून फुलं छापायला जाणार आणि ती आपण घालवली, हे त्याला त्या नजरेत स्वच्छ दिसलं.

वहिनीनेही ती नजर बघितली असावी. आता ट्रे उचलून आत जायचं सोडून ती टेबलाशी टेकली. "अहो, तुम्ही शब्द कशाचा दिलात?"

"म्हणजे?"

"आकड्याचा दिलात ना? मग आकडा तसाच राहू द्या. तो चित्रांचा. फ्रेम फुकट."

दुकानात कोणाच्या हातून काच निसटावी तसं सगळे दचकले.

"फ्रेम? फुकट?" अण्णा ताठ झाले.

"मग काय झालं? चित्र इतकी वर्षं फुकट जातंय, तेव्हा कोणाला धक्का नाही बसला."

"वहिनी, अगं मघाशी तू नोकरी म्हणत होतीस!" धाकटा कळवळला.

"मघाशी म्हणत होते. आता नाही म्हणत."

"पण फ्रेम अर्धी माझी आहे! दादाने जीभ उचलायची आणि पट्टी माझी जायची?"

"तुझ्या अर्ध्याचे मी भरीन," दादा म्हणाला. म्हणताना त्याला अकरा फ्रेमची पट्टी डोळ्यांसमोर आडवी पडलेली दिसली, पण लेकीचा चेहरा तिच्याही वर दिसत होता. "शब्दही राहील आणि पोरीचंही काही होईल. पुरेसं नाही, पण काहीतरी." बारकीने खांदे उडवले. तेवढ्यात शटरवर टकटक झाली.

टेलरिंगवाल्या बाई वाकून आत आल्या त्या गळ्यातल्या मोजपट्टीसकट. घालायची सवय इतकी, की रविवारीही काढायचं भान राहिलं नव्हतं. त्यांनी गादीच्या खुर्चीकडे बघितलं आणि अक्का चक्क उठली. यावरूनच बाईंचा दबदबा सगळ्यांच्या ध्यानात आला.

"बाई, थोडं समजून घ्यायचंय," दादाने घसा साफ केला. "आकडा ठरला तोच. फक्त तो चित्रांचा आहे. फ्रेम आमच्याकडून, फुकट."

बाईंनी एक क्षण विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला. "फ्रेम फुकट? अहो, मग आधी सांगायचंत!" त्या उठून भिंतीवर टांगलेल्या पट्ट्यांच्या नमुन्यांकडे गेल्या. "मग ही साधी कशाला? ही कोरीव द्या. फुकटच द्यायचीय, तर ही काय आणि ती काय."

"ती... ती महाग असते जरा."

"तुम्हाला कसली महाग? घरचं लाकूड, घरची करवत. चार काड्या जोडायच्या आणि चार खिळे मारायचे. रविवारी बसल्या बसल्या अकरा करून टाकाल." बाई प्रेमाने बोलत होत्या. "आणि तुमचं आवडीचं काम आहे हो, बघताच कळतं. शिवाय माझ्या हॉलमध्ये केवढी माणसं येतात! सगळे विचारतील, फ्रेम कोणाची. नाव होईल तुमचं."

दादाच्या कानशिलाशी काहीतरी गरम झालं.

"चार काड्या?" तो म्हणाला. "बाई, इकडे या. या कोपऱ्यात नख घालून दाखवा. जात नाही ना? हा काप हातात बसायला माझी सहा वर्षं गेली. पहिलं वर्ष या अण्णांनी मला करवतीला हात लावू दिला नाही, नुसता भुसा झाडायला लावला. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, ते मनात धरून काप घ्यावा लागतो. नाहीतर सहा महिन्यांत कोपरा तोंड उघडतो. बसल्या बसल्या म्हणे! माझी कंबर विचारा, उभ्याने मोडलीय. आवड आहे म्हणून काय फुकट करायचं? आणि नाव! लोक बघतील, लोक विचारतील! लोकांच्या बघण्यावर विजेचं बिल भरता येतं का?"

आणि तिथेच तो थांबला. शेवटचं वाक्य त्याचं नव्हतं. ते बारकीचं होतं. गेल्याच महिन्यात तिने ते याच टेबलाशी त्याला ऐकवलं होतं आणि तो खो खो हसला होता. वर, वीजबिल तर मी भरतो, असंही म्हणाला होता.

त्याने तिच्याकडे बघितलं. बारकी तोंडावर हात धरून बसली होती. हसत होती की काय, ते त्याला कळेना. त्याला तिची लाज वाटली, म्हणजे तिच्यासमोर स्वतःची.

"बाई," तो खाली बसत म्हणाला, "मी गुरुवारी चुकलो. हिचं चित्र मी फुटाच्या भावाने विकलं. ते मला विकता येत नव्हतं, कारण ते माझं नव्हतंच."

"म्हणजे शब्द फिरवताय?"

दादाला पाठीमागे अण्णांची खुर्ची करकरलेली ऐकू आली. "फिरवतोय," तो म्हणाला. "फ्रेमचं काही बोलायचं असेल तर माझ्याशी बोला. चित्राचं हिच्याशी."

बारकीने हात पुसले आणि एका चेहऱ्याचा भाव सांगितला. आवाज चढवला नाही, की माफी मागितली नाही. तो आकडा ऐकून धाकट्याचा चहा पुन्हा कपात आला. दादालाही घाम फुटला. आपण सांगितलेल्या सबंध आकड्यात तिचे धड दोन चेहरेसुद्धा बसत नव्हते.

"अकरांचं मिळून काही कमी कर," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. उलट आत्ता कुठे त्यांना गोडी लागल्यासारखी दिसत होती.

"भाव कमी नाही होणार. चेहरे कमी करू."

"कोणाला गाळू? गाळलेल्या मला कात्रीने कापून काढतील!"

"गाळू नका," बारकी म्हणाली. ती जरा थांबली, आणि दादाला दिसलं, की ती हे आत्ता, बोलता बोलता शोधते आहे. "या वर्षी वयाने सगळ्यांत मोठ्या तिघी. पुढच्या वर्षी त्यांच्यानंतरच्या तिघी. असं चार वर्षांत सगळ्या होतील. तुमच्यावर एकदम भार नाही. प्रत्येक वर्षी काम सुरू करायच्या आधी निम्मे द्यायचे."

"आणि शेवटच्या दोघींनी चार वर्षं वाट बघत बसायचं?"

"हो."

मोजपट्टीचं टोक बाईंनी बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर तेच लांबलचक हसू पसरलं. "म्हणजे चार वर्षं त्यातली एकही बाई माझी मशीन सोडून दुसऱ्याकडे जाणार नाही. चित्र व्हायचंय ना! पोरी, तू चित्रं काढतेस ते ठीक, पण हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणीच नाही," बारकी म्हणाली. या घरात ते अगदी खरं होतं.

"मला पण लोक म्हणतात हो," पैसे काढताना बाई दादाला म्हणाल्या, "कापड आमचं, माप आमचं, नुसतं शिवायचं तर आहे. असं कोणी म्हटलं, की त्याची शिलाई मी वाढवते. तुम्ही त्या दिवशी फोनवर स्वतःहून भाव पाडलात, मी काय करणार? वाट बघत होते, कधी जागे होताय. आता त्या कोरीव पट्टीचं बोला. खरा भाव सांगा."

दादाने खरा भाव सांगितला. बाईंनी साधी पट्टी घेतली.

शटरखालून त्या बाहेर पडल्या मात्र, दुकानात एकच कालवा झाला. भाव वाढवायचं पहिल्यांदा आपणच म्हटलं होतं, याची अक्का सगळ्यांना आठवण करून देऊ लागली. धाकट्याने तीन गुणिले चार म्हणजे बारा, मग बारावा चेहरा कोणाचा, असा प्रश्न काढला. "आणि कारखान्याला काय कळवणार?" वहिनीने विचारलं.

"विचारते, आठवड्याचे दोन दिवस फुलं चालतील का," बारकी म्हणाली. "बाकीच्या दिवसांना वेळ नाही मला." मिळालेले पैसे अजून तिच्या मुठीतच होते. कुठे ठेवायचे हे तिला सुचत नसावं.

दादाला मात्र यातलं अर्धंच ऐकू येत होतं. त्याचं लक्ष अण्णांकडे होतं. शब्द फिरवल्यापासून ते काही बोलले नव्हते. आता ते खुर्चीच्या हाताला धरून उठले, आणि टेबलाकडे येऊ लागले तेव्हा दादा नकळत उभा राहिला. या वयात बापाची बोलणी खायची, तीही लेकीसमोर, आणि तीही रास्त असताना; त्याने मनाची तयारी केली.

अण्णा त्याच्यासमोरून पुढे गेले आणि बारकीपाशी थांबले.

"माणसाला समोर बसावं लागतं का?"

"हो. रोज तासभर," ती म्हणाली.

"बोललं तर चालतं?"

"तोंड रंगवत नसेन तेव्हा चालतं."

अण्णांनी मान हलवली. चित्रासाठी बसाल का, असं तिने त्यांना मागे दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांनी, मला कामं आहेत, म्हणून वाटेला लावलं होतं. आयुष्यभर जगाच्या भिंतींना फ्रेम पुरवलेल्या माणसाचा घरात एक फोटो होता, तोही कोणाच्या तरी ग्रुपमधला, मागच्या रांगेतला.

"माझं काढायचं असेल," अण्णा म्हणाले, "तर किती घेशील?"

या घरात बारकीकडे चित्र मागितलं नव्हतं असं कोणी नव्हतं. वाढदिवसाला, नव्या घराला, साहेबाला खूश करायला. हा प्रश्न मात्र आजवर कोणी विचारला नव्हता. मघाशी बाईंसमोर खणखणीत बोललेली बारकी आता मुठीतल्या पैशांकडे बघू लागली.

"अण्णा, तुमच्याकडून मी कसे..."

"सांग की," दादा म्हणाला. "गिऱ्हाईक विचारतंय."

बारकीने आकडा सांगितला. तोच, बाईंना सांगितलेला.

"महाग आहेस," अण्णा म्हणाले. मग त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, खुर्ची उजेडाकडे वळवून घेतली आणि तिच्यासमोर ताठ बसले.